हलगीवर चालणारे विश्वासकाका

विश्वासकाका एका जागी स्वस्थ बसलेत असं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीत असले की गुडघा हलायचा, उभे असले की हात खिशात जाऊन उगाच बाहेर यायचा, आणि झोपेतसुद्धा ते कुणाशी तरी भांडतात असं त्यांच्या बहिणीचं म्हणणं. अशा माणसाला नेमका पाय धरून ठेवणारा आजार व्हावा, याला काय म्हणायचं? मला तर अजून राग येतो.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नाव सर्वेश, गाव जळगाव, नोकरी मोहालीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. यातली शेवटची गोष्ट मी खोली बघायला आलो तेव्हाच सांगून टाकली आणि कायमचा अडकलो. "म्हणजे तू त्यांच्यातलाच," असं म्हणून काकांनी मला खालून वर न्याहाळलं आणि किल्ली हातात ठेवली. तेव्हापासून जगात कुठलंही सॉफ्टवेअर बिघडलं की जाब मला. बँकेचं अ‍ॅप लटकलं, सर्वेश. टीव्ही लावताच जाहिरात आली, सर्वेश. गॅस सिलिंडरची नोंदणी दोनदा झाली, तरी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आरोळी, "सर्वेश, लेका, तुम्ही लोक काम करता की नुसता पगार घेता?"

काका मूळचे मिरजेचे. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवायच्या नोकरीसाठी तरुणपणी चंदीगडला आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. लग्न केलं नाही. त्यांच्यामागे धाकटी बहीण लीना इथे शिकायला आली, इथल्याच विद्यापीठात शिकवू लागली, आणि तिची मुलगी गिरिजा मामाच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झाली. गिरिजाला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र हिंदी. तिच्या तोंडचे मराठी शब्द म्हणजे 'मामा', आणि लहान असताना सुखना तलावावर मामाने कवायत करून घेतलेले 'डावा, उजवा'. तेही ती पुढे विसरली असं आम्ही धरून चाललो होतो.

काकांना नाद दोन, यंत्रांचा आणि हलगीचा. मिरजेत कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवायला मिळावी म्हणून ते शाळा बुडवायचे. चंदीगडात हलगी कोण ऐकणार? इथे सगळा ढोलाचा कारभार. मग काकांनी ती कॉम्प्युटरवर वाजवायला घेतली. गावाकडून रेकॉर्ड करून आणलेले हलगीचे, घुंगरांचे, झांजेचे आवाज ते संगीत बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये ओळीने मांडायचे, केसाएवढे मागेपुढे सरकवायचे आणि त्यातून ठेका उभा करायचे. सॉफ्टवेअर जुनं, कॉम्प्युटर त्याहून जुना, आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी की मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कॉलेजातल्या मित्राची गाठ पडावी तसं झालं. पण बटण दाबलं की कॉम्प्युटर उभा राहायचा, आणि ठेका दाबला की त्याच क्षणी वाजायचा. माझ्या ऑफिसच्या कोऱ्या लॅपटॉपला हे जमत नाही.

त्याचं इंगित एका वायरीत होतं. काका त्या कॉम्प्युटरला इंटरनेट लावायचेच नाहीत. इंटरनेटची वायर खिडकीजवळच्या खिळ्याला गुंडाळून टांगलेली असायची. लागलीच तर खिळ्यावरून काढायची, काम उरकायचं, परत खिळ्याला. "वायर लावली की ते घरात शिरतात," काका म्हणायचे. "सुधारणा करून जातात. मी सांगितली होती का सुधारणा? चालतंय त्याला हात कशाला लावायचा?" मी सुरक्षेचं काही बोलायला गेलो की ते हात झटकायचे. मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचे.

मग पार्किन्सन्स आला. आधी हात थरथरू लागला, त्याचं काकांनी काही वाटून घेतलं नाही. पुढे पाय थिजायला लागले. चालता चालता, विशेषतः दारात, पाऊल जमिनीला चिकटून बसायचं. माणूस अर्धा पुढे झुकलेला, डोकं 'चल' म्हणतंय, आणि पाय ऐकत नाहीत. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात इंद्रायणी नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, अमरावतीची. तिने सांगितलं, "काका, ठेक्यावर चालून बघा. आतला ठेका चुकतो तेव्हा बाहेरचा मदतीला येतो."

हे सांगायला तिला माणूसही कसा मिळाला! काका घरी आले ते तडक कॉम्प्युटरपुढे बसले. आठवडाभर खालून हलगी ऐकू येत होती. त्यांनी स्वतःच्या पावलांच्या वेगाचा ठेका बांधला, मोबाइलवर घेतला, कानात इअरफोन घातला आणि सुखनाच्या काठाने चालायला लागले. मी सोबत होतो. थांबले नाहीत. हलगीत मुख्य ठोक्याच्या आधी एक हलकी थाप असते, तिला ते उठाव म्हणत. उठावावर पाऊल उचलायचं, ठोक्यावर टेकवायचं. परत येताना ते इतके खूश होते की समोरून येणाऱ्या एका सरदारजींना त्यांनी विनाकारण सॅल्यूट ठोकला.

पुढे हाच त्यांचा औषधाखालोखालचा दुसरा उपचार झाला. आजार सरकत गेला तसा वेग बदलावा लागायचा. काही आठवड्यांनी जुना ठेका पायांना झेपेनासा व्हायचा, मग काका नवा बांधायचे, किंचित संथ, उठाव जरा ठळक. जुने ठेके मोबाइलमध्ये पडून असायचे, पण ते जुन्या पायांचे होते.

आणि गिरिजाचं लग्न ठरलं. मुलगा पंजाबी, मनराज, तिच्याच ऑफिसातला. आधी आपल्या पद्धतीने लग्न, दुसऱ्या दिवशी गुरुद्वारात. आपल्या पद्धतीने म्हटलं की नवरीला बोहल्यावर कोण आणतो? मामा. गुरुजी हाक देतात, मामा नवरीचा हात धरून निघतो, सगळा मांडव वळून बघतो. काका ती हाक गिरिजा पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते.

लीनाताईंनी एका संध्याकाळी विषय काढला. बिचाऱ्यांनी फार जपून काढला. "दादा, मिरजेहून इंद्रजित येतोच आहे. तोही मामाच तिचा. तो आणेल गिरिजाला. तू पुढे खुर्चीत बस, सगळं नीट दिसेल."

काकांचा गुडघा हलायचा थांबला. हे लक्षण वाईट.

"खुर्चीत मी पुढे बसणारच आहे," ते म्हणाले. "लग्नानंतर बसूनच राहायचंय मला. गिरिजाला मी आणणार. चालत."

"मामा, व्हीलचेअर भी चलेगी ना," गिरिजा म्हणाली. "मैं खुद धकेल के ले जाऊँगी, पक्का. बहुत क्यूट लगेगा."

"मांडवात चाकं नकोत," काका म्हणाले आणि उठून गेले. उठून गेले म्हणजे उठले, दारापर्यंत गेले आणि दारात थिजले. लीनाताईंनी पदराने डोळे पुसले. शेवटी काकांनी तोंडानेच ठेका धरला, 'ढांग टिक' असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडले.

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. लग्नासाठी खास ठेका हवा, खोलीच्या उंबऱ्यापासून बोहल्यापर्यंत पुरेल असा, हलगीवर सनई धरलेला. सनईचे आवाज इंद्रजितने मिरजेहून ईमेलने पाठवले. ते उतरवून घ्यायला काकांनी खिळ्यावरून वायर काढली आणि कॉम्प्युटरला लावली. तेवढ्यात लीनाताई पत्रिका घेऊन आल्या. पत्रिकेत काकांचं नाव कुठल्या ओळीत घालायचं यावरून वाद झाला, चहा झाला, पुन्हा वाद झाला. वायर तशीच राहिली.

परत जाऊन बघतात तो पडदा निळा, मध्ये एक चक्र गरगरतंय आणि खाली सूचना: कॉम्प्युटर बंद करू नका.

काकांची हाक ऐकून मी जिन्यावरून धावत आलो. ते कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवून उभे होते. "शिरले," एवढंच म्हणाले.

सिस्टीम नवी झाली होती. नव्या सिस्टीमवर जुनं सॉफ्टवेअर उघडेना. 'या आवृत्तीला आता आधार दिला जात नाही' म्हणे. म्हणून नवं घेतलं. नवं उघडायला खातं काढा, खात्याला पासवर्ड, पासवर्डला मोबाइलवर आकडे, थरथरत्या हाताने आकडे टाकेपर्यंत त्यांची मुदत संपलेली. मी टाकले. उघडलं ते दिसायला झकास होतं. काळी पाटी, गोल गोल कडा, कोपऱ्यात एक मदतनीस, जो काही न विचारता बोलायचा. काकांच्या ओळखीचं एकही बटण जागेवर नव्हतं. तरी त्यांनी चिवटपणे ठेका बांधला, मोबाइलवर घेतला, आणि आम्ही सुखनावर गेलो.

थोडंसं चालले आणि थिजले. पुन्हा निघाले, पुन्हा थिजले. काठावरच्या बाकापर्यंत त्यांना मी जवळजवळ उचलून नेलं. "पाय नाही," काका धापा टाकत म्हणाले. "ठेका लंगडतोय. ऐक."

मी ऐकला. मला बरा वाटला. पण काकांनी जन्मभर मोजायचंच काम केलेलं. घरी येऊन त्यांनी ठेका पडद्यावर पसरवला आणि जुन्या ठेक्याखाली धरला. एक ठोका किंचित आधी, एक किंचित नंतर, पुढचा जागेवर, त्यापुढचा पुन्हा घसरलेला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सोय होती: वाजवणारा माणूस वाटावा म्हणून ठोके आपोआप थोडे हलवायचे. तिचं नाव 'जिवंतपणा'. आपोआप चालू. बंद करायचं बटण शोधायला आमची सुट्टी गेली. ते सापडलं, बंद केलं, आणि ठेका फाईल म्हणून बाहेर काढला की जिवंतपणा परत हजर.

काकांनी कंपनीला लिहिलं. सुंदर लिहिलं होतं, आलेख जोडून, प्रत्येक घसरलेल्या ठोक्यावर खूण करून. उत्तर ताबडतोब आलं, म्हणजे माणसाने लिहिलेलं नव्हतं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आपण वर्णन केलेला प्रकार हा बग नसून फीचर आहे, आणि ते वापरकर्त्यांच्या मागणीवरूनच दिलेलं आहे. मी ते काकांना आणि गिरिजाला वाचून दाखवताना चाचरलो, कारण अशी वाक्यं आमच्या ऑफिसातही तयार ठेवलेली असतात.

"कोणी मागितलं होतं?" काका ओरडले. "मला एक माणूस आणून दाखव ज्याने मागितलं होतं! ठोका ठोक्याच्या जागी पडावा, एवढंच काम होतं त्याचं. तेवढं येत होतं ना त्याला? तुम्ही लोक येत असलेलं विसरून जाता आणि त्यालाच प्रगती म्हणता!"

 

मग नुसती धावपळ. मी म्हटलं, मोबाइलवर ठोके देणारी साधी अ‍ॅप्स असतात. एक उतरवलं. त्याच्या टकटकीत उठाव नव्हता, तरी काका नेटाने चालले, आणि ऐन रंगात आल्यावर कानात एक बाई कर्ज घ्या म्हणून सांगू लागली. काका तिथेच खिळले. जुनी सिस्टीम परत टाकायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. कॉम्प्युटरने मागे जायला साफ नकार दिला. एका ढोलवाल्याला विचारलं, तो हसून म्हणाला, "अंकलजी, इतना स्लो तो मैंने कभी बजाया ही नहीं. लोग सो जाएंगे." काका रात्री झोपेनात, दिवसा बसेनात. खालून सारखा खुर्ची सरकल्याचा आवाज. लीनाताई मला जिन्यात गाठून विचारायच्या, "इंद्रजितला सांगून ठेवू का रे?" मी म्हणायचो, थांबा. कशाच्या भरवशावर म्हणत होतो, मला ठाऊक नाही.

शेवटी काकांनी तो ठेका हाताने दुरुस्त केला. बाहेर काढलेली फाईल कापून एकेक ठोका उचलून जागेवर बसवला; कापलेल्या तुकड्यांना जिवंतपणा लागत नव्हता. हात थरथरत असताना. मध्ये सॉफ्टवेअर दोनदा कोसळलं आणि केलेलं काम घेऊन गेलं. तिसऱ्या खेपेला तो पुरा झाला. आम्ही सुखनावर गेलो, आणि काका चालले. सनई फारशी जमली नव्हती, पण चालले. मी तिथेच जाहीर केलं की जिंकलो.

लग्न सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये होतं. काकांनी फेटा बांधला होता, मिरजेहून आलेला. कानात बिनवायरचा इअरफोन, फेट्याखाली झाकलेला. त्यांचा मोबाइल माझ्याकडे, कारण थरथरत्या बोटांनी भलतंच काही दाबलं जाऊ नये. सगळं ठरलेलं. गिरिजा आतल्या खोलीत गौरीहरापाशी बसली होती, हिरवा चुडा, मुंडावळ्या, आणि भोवती मनराजकडचे पंजाबी लोक मोबाइल उंच धरून उभे.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" दिल्लीहून आलेल्या गुरुजींनी हाक दिली.

काकांनी गिरिजाचा हात धरला. मी ठेका चालू केला. ते निघाले, उंबऱ्यापर्यंत सुरेख आले. आणि माझ्या हातात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. काकांच्या कानात हलगी थांबून घंटा वाजू लागली असणार, कारण पाऊल अर्धं उचललेलं असतानाच ते थिजले.

मी फोन कापला. ठेका परत सुरू होईना. मी गाणी वाजवायचं अ‍ॅप उघडलं. पडद्यावर पाच तारे आले आणि खाली प्रश्न: हे अ‍ॅप तुम्हाला कसं वाटलं? मी तो घालवायला इकडे दाबलं, तिकडे दाबलं, तो गेला आणि आणखी एक आला: नंतर आठवण करून देऊ का? माझ्या तोंडून शिवी निघाली. लग्नमांडवात, गुरुजींसमोर.

सगळा हॉल वळून बघत होता. अक्षता मुठीत धरून लोक उभे. काकांची मान खाली, नजर स्वतःच्या मोजडीवर, कपाळावर घाम. फेटा थरथरत होता. ते जोर लावत होते आणि काही होत नव्हतं. पहिल्या रांगेतून इंद्रजित उठला, दोन पावलं पुढे आला. लीनाताईंनी त्याला थांबवलं नाही. मला वाटलं, संपलं.

"डावा," गिरिजा म्हणाली.

हळूच म्हणाली, मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. ती समोर बघत नव्हती, मामाच्या पायाकडे बघत होती. मुंडावळ्या बाजूला सारून.

"डावा, मामा," पुन्हा म्हणाली, आणि 'डा'वर आवाज थोडा उचलला, 'वा' खाली ठेवला. उठाव आणि ठोका.

डावं पाऊल सुटलं. उंबऱ्यापलीकडे जाऊन टेकलं.

"उजवा."

उजवं आलं. ती घाई करत नव्हती. पाऊल हलायला लागलं की शब्द उचलायची, टेकलं की सोडायची. अडलं तर थांबायची. चुडा त्यासरशी वाजत होता. "डावा. उजवा. डावा." इंद्रजित जागच्या जागी उभा राहून रडत होता. मनराजच्या आजीला यातला एक शब्द कळत नव्हता, ती जवळून जाताना हात जोडून 'वाहेगुरू' म्हणाली. मी बंद मोबाइल हातात घेऊन मागोमाग चालत होतो, उगाचच. गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला आणि मुहूर्ताकडे न बघता वाट पाहिली. मोठा माणूस.

काकांनी गिरिजाला पाटावर उभं केलं. तिचा हात सोडला. मग मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंजाबी मंडळींनी मंगलाष्टकांतच टाळ्या वाजवल्या.

जेवणाआधी गिरिजा आणि मनराज पाया पडायला आली तेव्हा काका खुर्चीत होते. फेटा काढून मांडीवर ठेवलेला, कानातला इअरफोन काढून माझ्या हातात दिलेला. डोळे लाल, पण तोंड नेहमीसारखं तयार.

"लय घसरत होती तुझी," ते गिरिजाला म्हणाले. "एक उजवा तर फारच उशिरा आला."

गिरिजा त्यांच्या पायाशीच बसली होती. तिने मान वर केली.

"मामा, वो बग नहीं था," ती म्हणाली. "फीचर है."

काका हसायला लागले. हसता हसता त्यांना रडू आलं, आणि त्यांनी तिचं डोकं दोन्ही थरथरत्या हातांनी धरलं.

"मग बाई," ते म्हणाले, "तेवढं अपडेट करू नकोस."